‘भारतकोकिळा’ : एका बिरुदाची परीक्षा

आपल्या देशांत मोठ्या माणसांस बिरुदें देण्याची हौस फार. टिळकांस आपण ‘लोकमान्य’ म्हटलें, चित्तरंजन दासांस ‘देशबंधु’ म्हटलें, दादाभाईंस राष्ट्राचे ‘पितामह’ म्हटलें. हीं बिरुदें त्या त्या पुरुषाच्या कार्यांतूनच निघालेलीं असल्यामुळें त्यांचा उच्चार होतांच तें कार्य डोळ्यांपुढें उभें राहतें. सरोजिनीबाई नायडू यांच्या वांट्यास आलेलें ‘भारतकोकिळा’ हें बिरुद मात्र निराळ्या जातीचें आहे. त्याचा उच्चार होतांच एक गोड आवाज कानीं येतो. परंतु त्या आवाजानें काय सांगितलें हें कोणासहि आठवत नाहीं. कोकिळा गायिली म्हणजे ऐकणारा तृप्त होतो. ती काय म्हणते याची चौकशी तो करीत नाहीं. आमच्या मतें या एका शब्दानें सरोजिनीबाईंचा जितका गौरव झाला, त्याहून त्यांचा तोटाच अधिक झाला आहे.

त्यांच्याविषयीं आपल्याकडे दोन मतें रूढ आहेत. पहिलें वाङ्मयभक्तांचें. बाई जन्मानें कवयित्री. त्या राजकारणाच्या धामधुमींत शिरल्या आणि तेथें कवितेचा बळी पडला. १९१७ नंतर त्यांच्या हयातींत नव्या कवितांचा एकहि संग्रह हिंदुस्थानास मिळाला नाहीं, हा या मताचा पुरावा. दुसरें मत राजकारणी मंडळींचें. त्यांच्या हिशेबीं बाईंचा वांटा मुख्यतः शोभेचा : सभेंत रंग भरावा, परदेशीं पाहुण्यांस मोहिनी घालावी, गांधीजींस हंसवावें. हीं मतें वरकरणी परस्परविरुद्ध दिसतात; पण दोहोंचा पाया एकच, व तो म्हणजे वरील बिरुद. आम्हांस येथें असें दाखवावयाचें आहे कीं, सरोजिनीबाईंची खरी कला त्यांच्या पद्यापेक्षां त्यांच्या भाषणांत आहे. ती कला राजकारणानेंच पिकविली. आणि जेथें जेथें त्यांनीं कोकिळेचा सूर सोडून साध्या माणसाच्या आवाजांत बोलणें केलें, तेथें तेथें त्यांची योग्यता सर्वांत अधिक दिसते.

प्रथम चरित्राचीं चार पानें चाळूं. सरोजिनीबाईंचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजीं हैदराबाद येथें झाला. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे बंगाली ब्राह्मण. एडिंबरा येथें शास्त्राची पदवी संपादन करून ते निझामाच्या राज्यांत आले, आणि पुढें निझाम कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विद्यालयाचा पाया त्यांनीं घातला. घरीं हिंदु, मुसलमान, पंडित, फकीर, रसायनवेडे, कवि अशा सर्वांचा राबता असे. पुढील आयुष्यांत हिंदु-मुसलमानांच्या ऐक्याविषयीं बाई जें बोलल्या त्याचा उगम पुस्तकांत शोधण्याचें कारण नाहीं. तें त्यांनीं लहानपणीं बापाच्या दिवाणखान्यांत पाहिलेलें होतें. बाराव्या वर्षीं त्यांनीं मद्रास विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा दिली. निझामाची शिष्यवृत्ति मिळून १८९५ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. लंडनचें किंग्ज कॉलेज व केंब्रिजचें गर्टन कॉलेज येथें शिकून, पदवी न घेतांच १८९८ मध्यें परत आल्या. त्याच वर्षीं डॉक्टर गोविंदराजुलु नायडू यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. वधू बंगाली ब्राह्मण, वर तेलुगु ब्राह्मणेतर, आणि विवाह १८७२ च्या कायद्यान्वयें नोंदलेला. आपल्याकडे त्या काळीं पुनर्विवाहावर सभा उधळल्या जात होत्या हें ध्यानांत आणलें, म्हणजे या गोष्टीचें धाडस समजेल.

इंग्लंडांत असतांना त्यांच्या कवितेस एक मोठा सल्लागार भेटला. एडमंड गॉस या टीकाकारानें त्यांच्या प्रारंभींच्या कविता वाचल्या. त्यांत इंग्रजी पक्षी होते, इंग्रजी फुलें होतीं, इंग्रजी सायंकाळहि होती. हें सारें टाकून आपल्या देशाचे डोंगर, बागा, देवळें व माणसें कवितेंत आणा, असें त्यानें सांगितल्याचें तो स्वतःच पुढें एका प्रस्तावनेंत नमूद करतो. बाईंनीं तें ऐकलें. १९०५ मध्यें ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा पहिला संग्रह आर्थर सिमन्सच्या प्रस्तावनेसह निघाला. १९१२ मध्यें ‘द बर्ड ऑफ टाइम’ गॉसच्या प्रस्तावनेसह निघाला. १९१७ मध्यें ‘द ब्रोकन विंग’ निघाला. इंग्लंडांत यांचें कौतुक झालें, आणि इंग्लंडांत कौतुक झालें म्हणून आपल्याकडेहि झालें.

गॉसचा सल्ला चांगला होता काय? अर्धा होता. परक्या देशाचें सृष्टिवर्णन सोडा, हें त्याचें म्हणणें यथार्थ. परंतु त्याबदलीं त्यानें जो हिंदुस्थान मागितला तो इंग्रज वाचकास पाहण्यास बरा वाटेल असा हिंदुस्थान होता. बाईंनीं तोच दिला. विणकर, कोळी, गारुडी, बांगडीवाले, दळणाऱ्या बायका, हैदराबादचा बाजार, गोवळकोंड्याच्या कबरी, हीं सर्व चित्रें मोठ्या सफाईनें काढलेलीं आहेत. नादमाधुर्याविषयीं तर बोलावयासच नको; इंग्रजी छंदांवर असें प्रभुत्व मिळविणारे कवि आपल्या देशांत त्या काळीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. पण उदाहरणादाखल पालखीच्या भोयांवरील त्यांची प्रसिद्ध कविता घ्या. भोयांच्या पावलांचा ठेका त्या कवितेंत हुबेहूब उतरला आहे. आंत बसलेल्या वधूस फुलाची, पक्ष्याची, ताऱ्याची उपमा मिळते. भोयांच्या खांद्यास पडलेला घट्टा मात्र त्या कवितेंत कोठेंहि लागत नाहीं, आणि त्यांचा श्वासहि ऐकूं येत नाहीं. भोई स्वतः बोलत आहेत असें कवितेचें रूप, आणि बोलतात तें पालखींत बसलेल्याच्या मनांतलें. जिचा कान इतका सूक्ष्म कीं भोयांचा ठेकाहि टिपावा, तिच्या कानास त्यांची धाप ऐकूं येऊं नये, हा दोष कवयित्रीच्या शक्तीचा नसून तिनें पत्करलेल्या परंपरेचा आहे.

कोठें कोठें या परंपरेस तडा गेलेलाहि दिसतो. पहिल्याच संग्रहांत पडदानशीन स्त्रीवर एक कविता आहे. तिच्या आरंभीं जनान्यांतील आयुष्याची रेशमी शोभा वर्णिली आहे. शेवटच्या कडव्यांत मात्र सूर बदलतो. काळ हा कोणाचाहि पडदा जुमानीत नाहीं, आणि त्या जाळीआडचे अश्रु थांबविण्याचें सामर्थ्य कोणांतहि नाहीं, अशा अर्थाचा तो शेवट आहे. या ठिकाणीं कवयित्रीच्या तोंडून क्षणभर पुढील काळांतील वक्ती बोलून जाते. पण क्षणभरच. त्याच पुस्तकांत सतीवरहि एक कविता आहे, आणि तींत तसा तडा नाहीं.

मराठी वाचकांस या काव्याची जागा ठरविण्यास एक सोपें माप आहे. ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ निघाला त्याच १९०५ सालीं आमचे केशवसुत वारले. केशवसुतांनींहि इंग्रजी कवींस गुरु मानलें होतें. परंतु त्यांनीं गुरूपासून बंडखोरी घेतली आणि ती मराठींत आणली. ती आणतांना त्यांची भाषा ओबडधोबड झाली, वृत्तें अडखळलीं, विद्वानांनीं नाकें मुरडलीं. सरोजिनीबाईंनीं गुरूपासून गोडवा घेतला व तो गुरूच्याच भाषेंत परत दिला. त्यांची एकहि ओळ अडखळत नाहीं. पण ‘तुतारी’नंतर मराठी कविता पूर्वीसारखी राहिली नाहीं, तसें सरोजिनीबाईंच्या कवितेनंतर कोणत्याहि भाषेच्या कवितेचें झालें नाहीं. पुढें स्वातंत्र्यानंतर इंग्रजींत लिहूं लागलेल्या आपल्या तरुण कवींनीं त्यांच्या शैलीकडे पाठच फिरविली.

आतां ‘राजकारणानें कविता मारली’ या मताचा विचार करूं. ‘द ब्रोकन विंग’ १९१७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं लंडनांत एलियटचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. ज्या सांच्यांत बाईंची कविता ओतलेली होती तो सांचा त्याच्या जन्मभूमींतच मोडीत निघाला होता. राजकारण नसतें तर त्यांनीं आणखी तीन संग्रह लिहिले असते. पण ते पहिल्या तिहींसारखेच झाले असते. याला प्रमाणहि आहे. १९२७ च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या कविता त्यांच्या कन्या पद्मजा यांनीं १९६१ मध्यें ‘द फेदर ऑफ द डॉन’ या नांवानें प्रसिद्ध केल्या. त्या वाचतांना मधल्या दहा वर्षांत जालियनवाला बाग, असहकार व दंगे होऊन गेले याचा मागमूसहि लागत नाहीं. बाईंस या दहा वर्षांत जें सांगावयाचें होतें तें त्यांनीं सांगितलें. मात्र तें पद्यांत सांगितलें नाहीं. तेव्हां कवितेचा खून झाला असा आरोप ठेवावयाचा, तर आरोपी राजकारण नव्हे. ती कविता आपलें आयुष्य पुरें करून गेली.

तर मग तें सांगणें कोठें झालें? व्यासपीठावर. डिसेंबर १९०६ मध्यें कलकत्त्यास सामाजिक परिषदेंत स्त्रीशिक्षणाच्या ठरावावर सरोजिनीबाई बोलल्या. तेव्हां त्यांचें वय सत्तावीस. स्त्रियांस शिक्षण ‘द्यावें’ असें त्या काळीं अनेक सज्जन म्हणत. बाईंनीं त्या ‘द्यावें’ या शब्दाचाच समाचार घेतला. हवा आणि प्रकाश एका माणसानें दुसऱ्यास द्यावयाचे नसतात. जो ते अडवितो तो चोर. मनुष्याच्या आत्म्याचें वतन असेंच आहे. तेव्हां तें स्त्रियांपासून हिरावणाऱ्या बापजाद्यांचें पाप पोरांनीं फेडावें, असा त्यांचा रोख होता. राष्ट्र घडविणारे आम्हीच असें सभेंतील पुरुषांनीं समजूं नये, हेंहि त्यांनीं तोंडावर सांगितलें. त्या सभेंत नामदार गोखले होते. त्यांनीं बाईंस लागलीच पत्र लिहून अंतःकरणपूर्वक अभिनंदन केलें. पुढें आपली सारी शक्ति देशास वाहावी असा आग्रह बाईंस करणारेहि गोखलेच. पुण्याच्या या अबोल, आंकडेमोडींत बुडालेल्या पुरुषानें हैदराबादच्या या बोलक्या बाईंचें खरें साधन ओळखलें, ही गोष्ट महाराष्ट्रास अभिमानास्पद आहे. गॉसनें त्यांस चांगली कवयित्री बनविलें. गोखल्यांनीं त्यांस त्यांचा स्वतःचा आवाज दाखविला.

या वक्तृत्वाचे गुण कोणते? पहिला असा कीं, विनंतीचें रूपांतर हक्कांत करण्याची हातोटी त्यांस साधली होती. डिसेंबर १९१७ मध्यें भारतमंत्री माँटेग्यू यांस भेटावयास गेलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळाच्या त्या पुढारी होत्या. मागणी साधी होती : नव्या सुधारणांत ‘लोक’ म्हणाल तेव्हां त्यांत स्त्रियाहि धरा. पुढील वर्षीं मुंबईस काँग्रेसचें जादा अधिवेशन भरलें तेव्हां स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव त्यांनींच मांडला. १९१९ मध्यें लंडनास जाऊन पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढेंहि त्यांनीं ही बाजू मांडली. १९१९ च्या कायद्यानें हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोडला, आणि १९२१ मध्यें मद्रास व मुंबई या इलाख्यांनीं, मालमत्तेच्या अटीवर कां होईना, स्त्रियांस मत दिलें. इंग्लंडांतील स्त्रियांस यासाठीं तुरुंगांत उपास करावे लागले होते. आपल्याकडे काम तितकें कठीण गेलें नाहीं, याचें श्रेय अनेकांस आहे. पण तें मागणें कोणासहि उद्धट वाटूं नये व तरीहि भिक्षेचें वाटूं नये अशा शब्दांत मांडणें, हें मुख्यतः सरोजिनीबाईंचें काम होय.

दुसरा गुण, श्रोता ओळखून बोलणें. त्या टिपणें न घेतां बोलत. विद्यार्थ्यांपुढें, मुसलमानांच्या सभेंत, मजुरांत, अमेरिकेंतील श्रोत्यांत, प्रत्येक ठिकाणीं त्यांच्या भाषणाचा पोषाख निराळा असे. तिसरा गुण विनोद. गांधीजींस ‘मिकी माऊस’ म्हणणें, किंवा त्यांस गरिबींत ठेवावयास फार खर्च येतो अशी थट्टा करणें, या गोष्टी लोकप्रसिद्ध आहेत. महात्म्याभोंवतीं जो धूप जळत असे त्यांत एक खिडकी उघडी ठेवण्याचें काम या विनोदानें केलें. आणि गांधीजींनींहि त्यांस ‘बुलबुल’ म्हणून त्याची परतफेड केली.

दोष सांगावयाचे तर तेहि सांगितले पाहिजेत. मद्रासच्या नटेसन कंपनीनें १९१८ मध्यें त्यांच्या भाषणांचें व लेखांचें पुस्तक काढलें. तें आज वाचूं लागलें असतां पहिल्या कांहीं पानांतच दम लागतो. एका नामास तीन विशेषणें, एका विचारास तीन उपमा. पहांट, दिवा, कमळ, पंख, हीं तींच तीं आभूषणें फिरून फिरून येतात. जो दोष कवितेंत तोच येथें. सभेंत आवाजाच्या ओघांत तो झांकून जात असे. कागदावर आवाज नाहीं, म्हणून तो उघडा पडतो. याकरितां त्यांच्या भाषणांचें परीक्षण करणाऱ्यानें एक कसोटी हातीं धरावी : काम जितकें कठीण, तितकें अलंकरण कमी. आमच्या पाहण्यांत ही कसोटी बहुधा खरी ठरते.

या दृष्टीनें त्यांची पुढील कारकीर्द पाहूं. नोव्हेंबर १९२१ मध्यें युवराजाच्या आगमनाच्या वेळीं मुंबईंत दंगल उसळली, तेव्हां त्या रस्त्यांतून फिरून लोकांस आवरीत होत्या. १९२४ मध्यें पूर्व व दक्षिण आफ्रिकेंत जाऊन तेथील हिंदी लोकांची बाजू त्यांनीं गोऱ्यांच्या तोंडावर मांडली. १९२५ च्या अखेरीस कानपूरच्या काँग्रेसचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. ॲनी बेझंट यांच्यानंतर त्या दुसऱ्या स्त्री-अध्यक्ष, आणि हिंदी स्त्रियांत पहिल्या. त्या भाषणांत खेड्यांची पुनर्रचना, शिक्षण, परदेशस्थ हिंदी लोकांचें संरक्षण, इतकेंच काय पण तरुणांच्या लष्करी शिक्षणाचाहि पुरस्कार आहे. अहिंसेच्या त्या ऐन अमदानींत, आणि आदल्या वर्षाचे अध्यक्ष खुद्द गांधीजी असतांना, हें बोलावयास स्वतंत्र बुद्धि लागते. ‘कोकिळे’च्या चाहत्यांनीं हा भाग बहुधा वाचलेलाच नसतो.

१९३० चा मे महिना हा मात्र त्यांच्या आयुष्याचा कळस. दांडीच्या कूचेंत गांधीजींनीं निवडलेल्या अठ्ठ्याहत्तर अनुयायांत एकहि स्त्री नव्हती. ६ एप्रिलला गांधीजींनीं मीठ उचललें त्या वेळीं सरोजिनीबाई दांडीस हजर होत्या. आणि गांधीजी पकडले गेले, मागून अब्बास तय्यबजी पकडले गेले, तेव्हां सुरत जिल्ह्यांतील धारासणा येथील मिठागरावरील सत्याग्रहाचें पुढारीपण त्यांच्याच हातीं आलें. २१ मे रोजीं सुमारें अडीच हजार स्वयंसेवक तेथें जमले होते. त्यांस बाईंनीं बजाविलें तें थोडक्यांत असें : तुम्हांस मार बसेल, तुम्हीं प्रतिकार करावयाचा नाहीं, घाव चुकविण्यासाठींहि हात वर करावयाचा नाहीं. त्या दिवशीं लोखंडी टोकांच्या लाठ्या डोक्यांवर पडल्या, आणि एकानें हात वर केला नाहीं. वेब मिलर हा अमेरिकन बातमीदार तेथें होता. त्यानें झोंपडींत टाकलेले तीनशेंवर जखमी स्वतः मोजले, आणि त्याची हकीकत जगभर छापली गेली. बाईंस त्याच सकाळीं अटक झाली. पालखीच्या भोयांची धाप जिच्या कवितेंत ऐकूं आली नाहीं, तिनें येथें फुटणाऱ्या डोक्यांसमोर उभें राहून तीन वाक्यांचें भाषण केलें. त्यांत पहांट नव्हती, कमळ नव्हतें, पंख नव्हते. आमच्या मतें तीं वाक्यें त्यांच्या तिन्ही संग्रहांहून मोठीं आहेत.

आतां अशा एका प्रश्नाकडे वळूं, कीं ज्याचा निकाल अजूनहि आपल्या घरांत लागलेला नाहीं. १९३१ मध्यें दुसऱ्या गोलमेज परिषदेस सरोजिनीबाई गेल्या, व बेगम शाहनवाझ यांच्यासह त्यांनीं एक निवेदन सादर केलें. स्त्रियांस पुरुषांबरोबर संपूर्ण समानता हवी. राखीव जागा, नेमणुकी वगैरे सवलती नकोत, असा त्याचा आशय. आपण स्त्रीवादी नाहीं असेंहि त्या सांगत. सवलत घेतली म्हणजे आपण दुर्बळ आहों अशी कबुली दिल्यासारखें होतें, हा त्यांचा युक्तिवाद. १९३५ च्या कायद्यानें राखीव जागा दिल्याच, आणि त्याहि धर्मवार वांटून. स्वतंत्र भारताच्या घटनेनें त्या काढून टाकल्या. परिणाम काय झाला? २०२४ च्या निवडणुकींत लोकसभेच्या ५४३ जागांपैकीं ७४ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं, २०२३ मध्यें, घटनेच्या १०६ व्या दुरुस्तीनें लोकसभेंत व विधानसभांत स्त्रियांस एक तृतीयांश जागा राखण्याचें ठरलें, व त्याचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांवर ठेवण्यांत आला. म्हणजे सरोजिनीबाईंचें म्हणणें बाजूस ठेवावयास देशास ब्याण्णव वर्षें लागलीं.

त्या चुकल्या काय? आमच्या मतें त्यांचें तत्त्व खोटें नव्हतें. त्यांनीं स्वतःस सामान्य स्त्रीचें उदाहरण समजण्यांत गफलत केली. अघोरनाथांसारखा बाप, गोविंदराजुलूंसारखा पति, निझामाची शिष्यवृत्ति आणि गोखल्यांसारखा मार्गदर्शक ज्या स्त्रीस लाभला तिला दार आपोआप उघडल्यासारखें वाटतें. दार उघडण्यास किती जण आंतून झटत होते हें तिला दिसत नाहीं. हीच चूक आपल्याहि घरांतून होते. एक मुलगी शिकून मोठ्या पदास चढली कीं ‘आतां मुलींस कोण अडवितो?’ असें आपण म्हणतों. सरोजिनीबाईंचें चरित्र वाचून हा प्रश्न विचारणाऱ्यांनीं, त्या चरित्रांतील इतके योग आपल्या शेजारच्या किती मुलींच्या वांट्यास आले, याचा हिशेब मांडावा.

त्यांच्या राजकारणांतील दुसरी उणीवहि याच जातीची. त्यांचा विश्वास संघटनेपेक्षां माणसांवर अधिक. माणसें जोडणें ही त्यांची विद्या होती. १९१८ मध्यें जिनांच्या भाषणांच्या संग्रहास त्यांनीं जिनांचें चरित्र जोडलें, आणि त्यांस ऐक्याचा वकील म्हणून गौरविलें. १९१५ च्या मुंबई काँग्रेसमध्यें म्हटलेली आपली कविताहि त्यांनीं जिनांसच अर्पण केली होती. पुढें काय झालें तें जग जाणतें. मैत्रीनें राष्ट्रें एक राहतात ही त्यांची श्रद्धा १९४७ नें खोटी ठरविली. कमलादेवी चट्टोपाध्याय किंवा दुर्गाबाई देशमुख यांच्या मागें संस्था उभ्या राहिल्या, तशी सरोजिनीबाईंच्या मागें एकहि राहिली नाहीं. हें वजन पारड्यांत टाकल्यावांचून न्याय होणार नाहीं.

परंतु त्याच श्रद्धेनें त्यांस एका अवघड दिवशीं योग्य तेंच बोलावयास लावलें. ११ डिसेंबर १९४६ रोजीं घटनासमितींत राजेंद्रबाबूंची अध्यक्षपदीं निवड झाल्यावर अभिनंदनाचीं भाषणें झालीं. तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनीं सरोजिनीबाईंस बोलावतांना ‘बुलबुल-ए-हिंद’ या नांवानें पुकारलें, आणि त्यांनीं गद्यांत न बोलतां पद्यांत बोलावें अशी सूचना केली. सभागृह हंसलें. बाईंनीं उभें राहून, अध्यक्षांनीं बोलावण्याची ही तऱ्हा घटनेस धरून नाहीं, असा टोला दिला. सभागृह पुन्हां हंसलें. टोला विनोदाचा होता, पण आमच्या प्रस्तुत विषयाचें सार त्यांत आहे. ज्या सभेंत त्या बिहारच्या निवडून आलेल्या प्रतिनिधि होत्या, तेथेंहि त्यांस गाणारा पक्षी म्हणूनच उठविण्यांत आलें.

आणि त्या बोलल्या तें मात्र निखळ राजकारण होतें. मुस्लिम लीगच्या सभासदांच्या रिकाम्या खुर्च्यांकडे त्यांनीं सभेचें लक्ष वेधलें व ते येतील अशी आशा व्यक्त केली. या देशाचे मूळचे धनी म्हणविणाऱ्या आदिवासींस त्यांनीं या सभेंत जातिभेदास थारा नाहीं असें आश्वासन दिलें. डॉक्टर आंबेडकरांचा उल्लेख करून, आज कटु असलेले हे आपले मित्र उद्यां या समितीच्या कार्याचे खंबीर पाठीराखे होतील, असें भाकितहि केलें. रिकाम्या खुर्च्यांपैकीं बहुतेक रिकाम्याच राहिल्या. पण दुसरें भाकित खरें ठरलें : २९ ऑगस्ट १९४७ रोजीं मसुदा समिति नेमली गेली, आणि तिचें अध्यक्षपद आंबेडकरांकडे आलें. माणसें पारखण्याची जी विद्या जिनांच्या बाबतींत हरली, तीच येथें जिंकली.

१५ ऑगस्ट १९४७ पासून त्या संयुक्त प्रांताच्या गव्हर्नर झाल्या; स्वतंत्र हिंदुस्थानांत त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. लखनौच्या त्या राजवाड्यांत आपण पिंजऱ्यांतील पक्ष्यासारख्या आहों असें त्या म्हणत. २ मार्च १९४९ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. या अखेरच्या पर्वांतील एकच भाषण आम्हांस येथें सांगावयाचें आहे. गांधीजींचा खून झाल्यावर १ फेब्रुवारी १९४८ रोजीं त्या नभोवाणीवर बोलल्या. मृताच्या आत्म्यास शांति लाभो असें सर्वत्र म्हणण्याची रीति. बाईंनीं नेमकें उलट मागितलें : माझ्या गुरूच्या, माझ्या पित्याच्या आत्म्यास शांति मिळूं नये, आम्हीं दिलेलें वचन पुरें होईपर्यंत त्यानें आम्हांस स्वस्थ बसूं देऊं नये. रूढ वाक्य उलटें फिरविण्याइतकें हें साधें आहे, आणि म्हणूनच तें कोणासहि विसरतां येत नाहीं.

एक हळहळ वाटते ती अशी कीं, सरोजिनीबाईंनीं आत्मचरित्र लिहिलें नाहीं. आमच्या रमाबाई रानड्यांनीं १९१० मध्यें आपल्या आठवणी लिहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. या दोघींस औपचारिक शिक्षण फारसें नव्हतें; पण मराठी गद्याची जी दौलत त्यांनीं ठेवली तशी सरोजिनीबाईंनीं इंग्रजींत ठेवली नाहीं. त्यांचीं निवडक पत्रें मकरंद परांजपे यांनीं १९९६ मध्यें प्रसिद्ध केलीं. तीं वाचतांना मुलांच्या आजाराची काळजी, स्वतःच्या प्रकृतीची कुरकुर, पुढाऱ्यांच्या लकबींची थट्टा, आणि थकवा अशी एक चालतीबोलती बाई भेटते. तिनें स्वस्थ बसून दोनशें पानें लिहिलीं असतीं, तर आज आम्हांस तिची वकिली करण्याची गरज पडली नसती.

एकंदरींत सरोजिनीबाईंच्या कवितेस आम्ही दुसऱ्या प्रतीची म्हणूं, त्यांच्या छापील भाषणांस विषम म्हणूं, त्यांच्या राजकारणास संस्थांवांचून पोरकें म्हणूं. आणि इतकें सर्व म्हटल्यावरहि त्या आपल्या देशांतील पहिल्या प्रतीच्या सार्वजनिक वक्त्या होत्या, हें विधान आम्ही मागें घेणार नाहीं. शाळांच्या इंग्रजी पुस्तकांतून मुलांस त्यांचे भोई आणि बांगडीवाले वर्षानुवर्षें भेटत आले आहेत. ते खुशाल भेटोत. पण त्याच मुलांस १९०६ चें भाषण, घटनासमितींतील भाषण व १९४८ चें नभोवाणीवरील भाषण हींहि वाचावयास मिळालीं पाहिजेत. घरांतील शिकलेल्या मंडळींनीं तीं मुलींकडून मोठ्यानें वाचून घ्यावींत. पद्यांत बोल म्हणून सांगितलें असतां गद्यांत काय बोलावें, हें त्यांस त्यावरून समजेल.